फळीवरच्या नऊ वाट्या

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या माणिकवहिनीला दोन वर्षं लोक कंजूष म्हणत होते. बाकीचे पाठीमागं म्हणत, मी तोंडावर म्हणत असे. माझा स्वभावच तसा आहे, मनात आलं की ते बाहेर पडायला वेळ लागत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते, या गोष्टीत मी फारशी चांगली वागलेली नाही. आज अमरावतीला स्वतःच्या घरात बसून हे लिहिताना मला पुष्कळ शहाणपण आलं आहे. त्या वेळी ते कुठं गेलं होतं कोण जाणे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गोवर्धनदादाची बायको. बुटकी, सावळी, घरातल्या घरात चालतानाही गाडी चुकेल अशा घाईत असलेली. दादा अकोल्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून होता, पगार महिना अठ्ठावीस रुपये. माझं लग्न नुकतंच झालं होतं. आमचे हे बडनेऱ्याला रेल्वेत लागले होते आणि साहेब क्वार्टर देत नव्हता. क्वार्टर मिळेपर्यंत बायकोनं माहेरी राहावं असं ठरलं. मिळेपर्यंत म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, महिना-दोन महिने माहेरवाशीण म्हणून तूपसाखर खायची आणि पाय पसरून बसायचं. आईवडील नव्हते, पण दादा होता, आणि वहिनीचा हात सढळ होता. हो, सढळ होता. जठारपेठेतल्या जुन्या बायका हे वाचून हसतील, पण मी तो पाहिलेला आहे.

सगळं बिघडलं ते सोड्यापायी. एकोणीसशे तेहतीसच्या उन्हाळ्यात दादाच्या डोक्यात आलं, की जिनात नोकरी करून कुणी मोठं झालेलं नाही, अकोल्यात ऊन फुकट आहे आणि तहान सगळ्यांनाच लागते. म्हणून नोकरी सांभाळून सोडावॉटरचं यंत्र आणायचं. यंत्र, गोटीच्या बाटल्या, लाकडी पेट्या मिळून साडेतीनशे रुपये लागणार होते. दादाजवळ साडेतीन नव्हते. पैसे दिले वहिनीच्या थोरल्या भावानं, हिवरखेडच्या शेषरावभाऊंनी. त्यांचा पानमळा होता. मुलीच्या, सत्यभामेच्या लग्नासाठी त्यांनी पानाच्या एकेका करंडीमागं थोडे थोडे करून ते साठवले होते. कागद नाही, व्याज नाही. लग्नाच्या आधी परत द्या, एवढंच बोलणं झालं, तेही बहिणीच्या तोंडाकडे पाहून.

सोडा चांगला होता, हे मी शपथेवर सांगेन. गोटी आत ढकलली की असा आवाज व्हायचा, रस्त्यानं जाणारा बैल थबकायचा. गिऱ्हाईकही पुष्कळ यायचं. अडचण एकच होती, ओळखीच्या माणसाकडून पैसे घेणं दादाला जमेना. जिनातला माणूस आला, त्याला पैसे कसे मागायचे? शाळेतला सोबती आला, त्याला तर दोन पाजायच्या. कुणी अनोळखी आला तर दादा विचारायचा, "कोन्या गावचे तुमी?" तो म्हणायचा, बाळापूरचा. "बाळापूरले कोनाकडचे?" बाटली संपेपर्यंत त्या माणसाची आत्या आमच्या मावशीच्या गावात दिलेली निघायची, आणि दादा हात जोडून म्हणायचा, "राहू द्या हो, घरचंच पानी हाय."

आमच्या वऱ्हाडात हे काही नवल नाही. दारी आलेल्याला तहानलेला पाठवू नये हे आम्ही सगळेच शिकलेलो. पण दार आणि दुकान यांत फरक असतो, तेवढं शिकवायचं आमच्या वडिलांचं राहून गेलं. पोळ्याच्या सुमाराला मूर्तिजापूरच्या एका माणसानं ते यंत्र बाटल्यांसकट सत्तर रुपयांत नेलं. तोही शेवटी ओळखीचा निघाला, नाहीतर शंभर आले असते.

त्याच आठवड्यात शेषरावभाऊ पानं घेऊन अकोल्याच्या बाजारात आले होते, ते घरी आले. वहिनीनं ते सत्तर त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथं यंत्र होतं तिथं. चहा घेतला. निघताना म्हणाले, "पुढचा वैशाख सोडून त्याच्या पुढच्यात सत्यभामेले उजवावं म्हनतो, मानिक." एवढंच. उरलेल्या दोनशे ऐंशीचं नाव त्यांनी काढलं नाही.

वहिनी भाऊ वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती. आत आली आणि दादाला म्हणाली, "भावाचे पैशे फिटल्याबिगर मी माहेरचं पानी पिनार नाई."

दादा कसनुसा हसला. मला वाटलं, रागात बोलली, दिवाळीपर्यंत विसरेल. वहिनीचेही आईवडील गेलेले, माहेर म्हणजे हा एकच भाऊ, आणि दर दिवाळीला ती आठ दिवस आधीपासून बोचकं बांधून बसायची. त्या दिवाळीला बोचकं बांधलं गेलं नाही.

पगारातले चौदा रुपये, म्हणजे बरोबर अर्धा पगार, दर महिन्याला ट्रंकेत जाऊ लागले. किल्ली वहिनीच्या कमरेला. उरलेल्या चौदात भाडं आणि तिघांची पोटं. आधी चहा गेला. मग दादाचं पान गेलं. धोबी गेला. कंदिलाची काच तडकली ती तडकलेलीच राहिली. गहू दसऱ्यापुरते, एरवी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, नाहीतर ताकातल्या कण्या. माझ्या केसांना तेल आठवड्यातून एकदा, आणि ते वहिनी स्वतःच्या हातानं घालायची, कारण माझ्या हातावर तिचा भरवसा नव्हता. पळीतून चार थेंब. मी म्हणायची, "अजून घाला वो, डोकं तुमचं नाई, माह्यं हाय." ती म्हणायची, "चोळा. चोळल्यानं पुरते."

एकदा मात्र अति झालं. पितळेच्या भांड्यांची कल्हई तिनं पुढं ढकलली, आणखी पुढं ढकलली, आणि एक दिवस कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट वरण कळकलं. तिघंही दिवसभर ओकत होतो. आमच्या भिंतीला भिंत लागून बशीर कल्हईवाल्याचं घर होतं. त्यानं हे ऐकलं आणि भाता खांद्यावर टाकून तो दारात येऊन उभा राहिला. "द्या वो भांडे. पैशे मंग द्या."

'मंग' हाच शब्द वहिनीला नको होता. तिनं सगळी पितळ माळ्यावर टाकली आणि कुंभाराकडून दोन मातीची मडकी आणली. त्यांतलं वरण चांगलं लागायचं, पण मी तेव्हा कबूल केलं नाही.

दादाही बदलला बिचारा. कुणी ओळखीचं भेटलं की घरी चला म्हणावं लागेल, म्हणून जिनातून मागच्या गल्लीनं यायचा. ओळखीचं कुणी नाही असा रस्ता अकोल्यात शोधायला त्याला महिना लागला.

हे सगळं घरातल्या घरात होतं, ते निभावून गेलं. खरी पंचाईत केली ती वाट्यांनी.

आमच्याकडे शेजारणीनं वाटीत घालून काही पाठवलं, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. कुणाकडून कढी आली, की दोन दिवसांनी त्या वाटीत आपल्या घरचं काहीतरी जातं. गावात कुणी हे लिहून ठेवलेलं नाही, पण रिकामी वाटी परत गेली तर ती बाई काय समजायचं ते समजते. दिवाळीत समोरून करंज्यांची वाटी आली. वहिनीनं करंज्या दादाला आणि मला वाढल्या, वाटी राखेनं घासली आणि फळीवर पालथी ठेवली. काही केलं की भरून पाठवू म्हणाली. काही करणं झालंच नाही. मग कुणाचा शिरा आला, कुणाचं लोणचं आलं, आणि फळीवर एकाशेजारी एक वाट्या बसत गेल्या.

मी म्हटलं, "गुळाचा खडा घाला अन् द्या धाडून."

"करंज्या आल्या होत्या तिच्यात, बेबीताई. खडा धाडून काय सांगू?"

"मंग रिकामी द्या."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू उघड्या डोक्यानं बाजारात जाऊन या म्हणाले मी.

वर्षभरात दहा वाट्या झाल्या. नाव घातलेल्या, बिननावाच्या, काठ दबलेली एक. त्यांत एक तांब्याची होती, हलीमाबीची. हलीमाबी म्हणजे बशीरची बायको, वहिनीहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ईदेला ती आमच्याकडे शेवया, साखर, चारोळी आणि खारका कोरड्याच पाठवायची. तिच्या चुलीवरचं आमच्या घरी चालत नसे, ते तिला ठाऊक होतं, आणि त्यावरून दोन्ही घरांत कधी शब्द निघाला नाही. वहिनी येता-जाता फळीकडे बघायची. शेजारणीही बघायच्या. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, की मानिकबाईच्या घरी वाटी गेली का विहिरीत गेली समजा. हे मीच घरी येऊन सांगितलं, तिखटमीठ लावून. मला वाटलं, लाज वाटून तरी साखरेला हात सैल होईल.

साखर होती घरात. तिचीच गोष्ट आता सांगते. आमचे हे महिन्यातून एकदा रेल्वेच्या पासावर यायचे. जावई म्हणून त्यांच्यापुरता चहा व्हायचा, आणि त्यासाठी वहिनी एका पुडीत पावशेर साखर जपून ठेवायची. त्या घरात एवढीच चैन उरली होती, आणि ती माझ्या नवऱ्याची होती, म्हणून मला तिचा अभिमान होता.

पोळ्यानंतरच्या एका दुपारी तानुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन घरं सोडून राहायच्या. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या पाळण्यातलं मूल उठावं. "मानिकबाई, पाहुने आले वो आमच्या घरी. वाट्या कमी पडून राहिल्या. आमची एक तुमच्याकडे राह्यली वाटते."

वहिनीनं फळीवरून तानुबाईंची वाटी काढली आणि चुलीपाशी गेली. मला वाटलं, मूठभर डाळ घालेल. तिनं पुडी सोडली आणि होती तेवढी साखर वाटीत ओतली. शिगोशीग.

"साखर कायले वो?" तानुबाई म्हणाल्या. आवाज एकदम घरात मावेल इतका झाला होता.

"तुमच्याकडून शिरा आला होता," वहिनी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आमचे हे आले. त्यांना ताक मिळालं. ते गरीब स्वभावाचे, दोन पेले प्याले आणि छान आहे म्हणाले. मी गरीब स्वभावाची नाही. ते दादाबरोबर बाहेर पडले तशी मी चुलीपुढं जाऊन उभी राहिले आणि तोंड सोडलं. "तुमच्या भावाच्या पैशापायी माह्या नवऱ्याले ताक पाजलं तुमी. तानुबाईची इज्जत हाय, अन् घरच्या जावयाची नाई?" आणखीही पुष्कळ बोलले. ते लिहीत नाही, लाज वाटते.

वहिनी भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बेबीताई, तुमी तुमच्या माहेरी बसून भांडून राहिल्या. भांडा. हक्क हाय तुमचा. मले भांडाले माहेर नाई राह्यलं."

भाकर तव्यावर गेली. तिनं दुसरा उंडा घेतला.

मी तिथंच खाली बसले. मला रडू आलं. दीड वर्ष मी त्या घरात तूपसाखर मागत होते, आणि ते घर माझं माहेर आहे म्हणूनच मला मागता येत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचं माहेर मोटारीनं आणि बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर होतं, आणि ती तिथं जाऊ शकत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त पहिली भाकर फुगल्यावर ती माझ्या ताटलीत टाकली.

त्या दिवसापासून मी तिला कंजूष म्हटलं नाही. पिठाच्या गिरणीचे पैसे वाचावेत म्हणून पहाटे उठून जात्यावर बसू लागले. माझे हात फोडांनी भरले. वहिनीनं त्यांना तेल लावलं, तेही चार थेंब.

तानुबाईंच्या साखरेनंतर पेठेतून आमच्याकडे वाट्या येणं बंद झालं; मागून आणावी लागणारी वाटी पाठवायची कशाला, असं बायकांनी ठरवलं असावं. मला वाटलं होतं, वहिनीला हायसं वाटेल. तिला वाटलं नाही. संध्याकाळच्या वेळी ती उगीच दारात जाऊन उभी राहायची, कुणी हाक मारते का बघायची, आणि आत यायची. शेजारच्या घरात फोडणी पडली की पूर्वी आम्ही ओळखायचो, आज कोणाकडून काय येणार. आता फोडणी पडायची आणि तिथंच संपायची.

मग ईद आली. हलीमाबी स्वतः आली. हातात शेवया, साखर, चारोळी, सगळं नेहमीसारखं, पण वाटीत नव्हतं. पळसाच्या पानांचा द्रोण होता, पत्रावळीबरोबर लावतात तसला. वहिनीनं तो दोन्ही हातांनी घेतला, बरं आहे ना विचारलं, आणि हलीमाबी गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेठेतल्या बायकांचं मी समजू शकत होते, पण ही तर भिंतीपलीकडची. वहिनी आत गेली तशी मी मागच्या दारानं हलीमाबीच्या अंगणात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "काहून हो, वाटीचा भरोसा नाई राह्यला का आमचा? आमी काय वाट्या खातो?"

"बस," ती म्हणाली.

"बसाले नाई आली मी."

"बस गं, बेबी." तिनं सूप बाजूला ठेवलं. "द्रोनाले परत यावं लागत नाई."

मला कळलं नाही. तसं तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"माही एक वाटी हाय तिच्या फळीवर. येता-जाता दिसते तिले. दुसरी काहून ठेवू? तिचा जीव घ्याले?" मग म्हणाली, "अन् देनं बंद कर म्हनशीन, तं थे माह्याच्यानं होत नाई."

मी बसले. बशीरच्या भात्यावर कोंबडी चढली होती, तिला हाकलायचं निमित्त करून मी डोळे पुसले. हे मला सुचलं नव्हतं. मी वहिनीच्या हातचं खात होते, तिच्याशेजारी झोपत होते, आणि ती फळीकडे का बघते हे भिंतीपलीकडच्या बाईला माझ्याआधी कळलं होतं. मी निघताना हलीमाबीनं माझ्या मुठीत दोन खारका कोंबल्या. त्याही द्रोणाशिवाय.

घरी येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. शेवया काढून घेऊन तिनं तो द्रोण धुतला होता, आणि फळीवर तांब्याच्या वाटीशेजारी ठेवला होता.

"अवो, द्रोन हाय थो. चुलीत घाला."

"राहू द्या," ती म्हणाली.

पुढं हलीमाबीकडून द्रोणातून काही ना काही येत राहिलं. ओला हरभरा, बोरं, एकदा हिरव्या मिरच्या. ते द्रोण चुलीत गेले. हा पहिला मात्र फळीवर राहिला आणि वाळून वाळून तपकिरी झाला.

संक्रांतीनंतर आमच्या ह्यांना क्वार्टर मिळालं. मी म्हटलं, वैशाखापर्यंत थांबते. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण कारण सांगितल्यावर म्हणाले, थांब, पुढच्या खेपेला मीच साखर आणतो. आणली. वहिनीनं ती त्यांच्याच चहाला घातली आणि उरलेली त्यांच्याच पिशवीत परत बांधून दिली.

चैत्राचा पगार झाला आणि दोनशे ऐंशी पुरे झाले. सत्यभामेच्या लग्नाला पाच दिवस होते. आम्ही तिघं निघालो. अकोटपर्यंत मोटारीनं, पुढं शेषरावभाऊंनी पाठवलेल्या बैलगाडीनं. ऊन असं होतं, की बैलांच्याही तोंडाला फेस. अकोटला दादानं तांब्या पुढं केला, तर वहिनीनं मान हलवली. "आता तठीच पिईन." वाटेत ती एकसारखी कमरेची पैशांची पुरचुंडी चाचपत होती. मला भीती वाटू लागली, की ही दारापर्यंत पोचते की वाटेतच पडते.

हिवरखेडला दारात मांडव पडला होता. शेषरावभाऊ बाहेर आले. सत्यभामा पाण्याचे दोन तांबे घेऊन धावत आली, एक पायांवर घालायला, एक प्यायला. वहिनी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पुरचुंडी सोडून तिनं भावापुढं धरली.

"मोज, भाऊ."

"बहिनीचे पैशे मोजू काय मी? आत ये आधी."

"मोज. मले तहान लागून राहिली."

शेषरावभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग तांब्याकडे पाहिलं. दोन दिवाळ्या बहीण आली नाही, ती आपण लग्नाचा विषय काढला म्हणून रुसली, असंच ते इतके दिवस धरून चालले होते. दादानं हळूच त्यांना तिचा शब्द सांगितला. तेव्हा तो एवढा मोठा माणूस तिथंच पायरीवर बसला आणि धोतरावर रुपये ओतून मोजू लागला. डोळ्यांना दिसेना, म्हणून दोनदा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"लवकर मोज ना रे," वहिनी म्हणाली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मला वाटतं, तिसऱ्यांदा त्यांनी मोजलेच नाहीत.

वहिनीनं तांब्या उचलला आणि मान मागं टाकून प्याली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून लुगड्यावर. एक संपला, पायांसाठी आणलेलाही ती प्याली, आणि सत्यभामा तिसरा भरायला पळाली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ पंगती जेवले आहे, पण कुणाला इतकं गोड लागलेलं मी पाहिलं नाही.

लग्न चांगलं झालं. निघताना भाऊंनी बहिणीची ओटी भरली, वर करंज्या, बुंदीचे लाडू आणि शेव यांनी भरलेली मोठी दुरडी दिली, आणि मळ्यातल्या पानांचा जुडगा. परत येताना मोटारीत मी एक करंजी मागितली, तर हातावर चापट बसली.

त्या करंज्या आमच्यासाठी नव्हत्याच. अकोल्याला पोचल्यावर तिनं लुगडंसुद्धा बदललं नाही. फळीवरच्या नवाच्या नऊ वाट्या खाली काढल्या, चिंचेनं घासल्या, फडक्यानं पुसल्या, आणि दुरडी मध्ये घेऊन बसली. कुणाकडून काय आलं होतं ते तिला दीड वर्षानंतरही तोंडपाठ होतं. लोणच्याच्या वाटीतही लाडू गेले, म्हणजे परतफेड कुठंच कमी पडली नाही. मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. कुणी बाई वाटी बघून ओशाळली, कुणी वहिनीचा हात धरून आत ओढून नेलं. आमच्या समोरची तर रडलीच. पाणवठ्यावर सगळ्यांत जास्त बोलली होती तीच.

तानुबाईंची वाटी आधीच परत गेलेली होती. त्यांच्यासाठी वहिनीनं आमची स्वतःची वाटी काढली, दादाचं नाव घातलेली, आणि भरून दिली. ती वाटी अजून आलेली नाही. अकोल्याला गेले की मी दर खेपेला चौकशी करते.

हलीमाबीकडे शेवटी गेलो. तांब्याच्या वाटीत लाडू रचलेले, आणि वर तो वाळका द्रोण, त्यात हिवरखेडची पाच पानं.

"द्रोन काहून ठेवला वो?" हलीमाबी हसायला लागली. "पागल हाय का तू?"

"तुमचा हाय. रिकामा कसा देऊ?"

हलीमाबी हसता हसता थांबली. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बशीरला हाक मारून सांगितलं, की पानं आली आहेत, चुन्याची डबी कुठं ठेवली ते बघ.

दोन दिवसांनी मी बडनेऱ्याला निघणार होते. आदल्या संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो, आणि कित्येक महिन्यांनी घरात सगळ्यांसाठी चहा झाला होता. फळी मोकळी होती, माळ्यावरची पितळ खाली आली होती. भिंतीपलीकडून हाक आली, "मानिकबाई वो!" आणि भिंतीवरून हलीमाबीचा हात आला. हातात तीच तांब्याची वाटी होती. बशीरनं तिला नवी कल्हई केली होती, आतून लखलखत होती. तिच्यात झाडाच्या लहान लहान तीन कैऱ्या होत्या.

वहिनी धावत गेली. वाटी दोन्ही हातांत घेऊन ती तिथंच उभी राहिली. कैऱ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. पदरानं वाटीचा काठ पुसला, परत पुसला. माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ती इतकी हसत होती, की दादानं चहाचा कप खाली ठेवला.

"बेबीताई," ती म्हणाली, "उद्या काय भरू हिच्यात?"